स्क्रिप्ट बोलत होती, मॉड्यूल गप्प होतं: पर्लच्या वॉर्निंग्जचं एक प्रकरण

काम अगदी साधं होतं. रोज रात्री दुसऱ्या एका सिस्टमकडून साठ्याच्या नोंदींची टेक्स्ट फाइल येते, आमची पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट ती वाचते, वेगळ्या फाइलीत ठेवलेल्या एका मॉड्यूलच्या मदतीने वस्तूनुसार नगांची बेरीज करते आणि सकाळी तक्ता तयार असतो. बरीच वर्षं हे बिनबोभाट चालू होतं. मग एके दिवशी तक्ता वापरणाऱ्या एकीने विचारलं की या एका वस्तूचा साठा अचानक एवढा कमी कसा दिसतोय, गोदामात तर माल तसाच पडलाय. बघितलं तर नुसती तीच वस्तू नाही, ज्या ज्या वस्तूंच्या नोंदी मोठ्या आकड्यांच्या होत्या त्या सगळ्यांच्या बेरजा कोसळलेल्या, आणि लहान आकड्यांच्या वस्तू मात्र एकदम बरोबर. मागे जाऊन तपासत गेलो तर अकरा रात्रींचे तक्ते चुकलेले निघाले.

मूळ चूक सापडायला वेळ लागला नाही. पाठवणाऱ्या सिस्टममधे काहीतरी बदल झाला होता आणि हजाराच्या वरचे आकडे आता स्वल्पविराम घालून येत होते, म्हणजे १२५० च्या जागी १,२५०. पर्लला अशा स्ट्रिंगचा आकडा करायला सांगितलं की ते डावीकडून सलग जेवढे अंक सापडतील तेवढे घेतं आणि पुढचं सोडून देतं. म्हणजे १,२५० चा झाला १, आणि १२,४०० चे झाले १२. स्क्रिप्ट मधेच बंद पडत नाही, एरर येत नाही, बेरीज होते, फक्त चुकीची होते.

पण हे सगळं लिहायला बसलोय ते स्वल्पविरामासाठी नाही. अशा वेळी पर्ल गप्प बसत नाही हे मला पक्कं माहीत होतं. वॉर्निंग्ज, म्हणजे काम न थांबवता दिलेल्या सूचना, चालू असतील तर ते सरळ सांगतं, 'आर्ग्युमेंट १,२५० इझंट न्यूमरिक इन ॲडिशन' (बेरजेत आलेली ही गोष्ट आकडा नाही), त्यापुढे आपल्या कोडची फाइल आणि ओळ, आणि त्याच्याही पुढे वाचत असलेल्या डेटा फाइलची कितवी ओळ होती तेसुद्धा. म्हणजे पहिल्याच रात्री लॉगमधे चूक तिच्या पत्त्यासकट लिहून आली असती. मग अकरा रात्री हा मेसेज गेला कुठे?

लॉग रिकामा नव्हता, म्हणून फसलो

लॉग पूर्ण कोरा असता तर कुणाला तरी शंका आली असती. पण लॉगमधे रोज काही ना काही येत होतं. स्क्रिप्टमधल्या एका ओळीवरची अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यूची, म्हणजे व्हॅल्यूच न दिलेला व्हेरिएबल वापरल्याची, वॉर्निंग अधूनमधून दिसायची, आणि मॉड्यूलमधूनही 'या वस्तूचा कोड यादीत नाही' असे मेसेज यायचे. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की वॉर्निंग्ज चालू आहेत आणि मॉड्यूलच्यासुद्धा चालू आहेत, कारण मॉड्यूलच्या नावाने मेसेज येतायत ना.

इथे पहिली गल्लत. 'कोड यादीत नाही' हा मेसेज आम्हीच वॉर्न हे फंक्शन वापरून लिहिलेला होता. वॉर्न फंक्शन कुठलीही सेटिंग बघत नाही, तुम्ही बोलावलंत की ते छापतं, बस. पर्ल स्वतःहून ज्या वॉर्निंग्ज देतं, म्हणजे आकडा नसलेल्या गोष्टीची बेरीज, अनडेफ म्हणजे न दिलेल्या व्हॅल्यूचा वापर, एकाच स्कोपमधे तोच व्हेरिएबल दोनदा डिक्लेअर करणं वगैरे, त्यांचं चालू-बंद वेगळं असतं. दोन्ही एकाच लॉगमधे एकाच चेहऱ्याने येतात, दोन्हीच्या शेवटी फाइलचं नाव आणि ओळ असते, म्हणून वाचणाऱ्याला फरक कळत नाही. आमच्या स्क्रिप्टमधे वॉर्निंग पकडून तिला वेळेचा शिक्का मारून लॉगमधे टाकणारा हँडलरही होता, आणि तो तर सगळ्या फाइलींमधून आलेल्या वॉर्निंग्ज पकडतो, त्यामुळे समज आणखीच घट्ट झाला. पण हँडलर आलेलं पकडतो, न आलेलं तो कुठून आणणार, तो काही वॉर्निंग्ज चालू करत नाही.

मग मी जुने लॉग काढले. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत मॉड्यूलच्या फाइलवरच्या पर्लच्या स्वतःच्या वॉर्निंग्ज दिसत होत्या, थोड्याच पण होत्या, आणि एका ठरावीक तारखेनंतर एकही नाही. त्या तारखेला काय झालं ते कोडच्या हिस्टरीत होतंच.

एक ओळ बदलली होती

सर्व्हर बदलला तेव्हा पर्ल वेगळ्या जागी इन्स्टॉल झालं होतं. स्क्रिप्टची पहिली ओळ, म्हणजे शिबँग, जुन्या पद्धतीची होती, पर्लचा ठरलेला पूर्ण पाथ आणि त्यापुढे डॅश डब्ल्यू. पाथ बदलला म्हणून एका सहकाऱ्याने तिथे एन्व्ह वापरलं, म्हणजे पर्ल जिथे सापडेल तिथून घे. पण लिनक्स शिबँगमधे इंटरप्रिटरच्या पुढचं सगळं एकच आर्ग्युमेंट म्हणून पाठवतं, त्यामुळे एन्व्ह बिचारं 'पर्ल डॅश डब्ल्यू' अशा अख्ख्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं आणि तो सापडत नाही म्हणून सांगतं. मग त्याने डॅश डब्ल्यू काढला आणि खाली यूज वॉर्निंग्ज लिहिलं. कमिटच्या मेसेजमधे लिहिलंय, 'डॅश डब्ल्यू ऐवजी यूज वॉर्निंग्ज, तेच काम, नवी पद्धत'. मी स्वतः तो बदल वाचून मान्य केला होता. त्या क्षणी मलाही ते तेच काम वाटलं, हे इथे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण माझ्या मते बहुतेकांना ते तसंच वाटतं.

ते तेच काम नाही. डॅश डब्ल्यू हा आख्ख्या प्रोग्रॅमचा एक स्विच आहे. तो एक ग्लोबल व्हेरिएबल चालू करतो, डॉलर कॅरेट डब्ल्यू, आणि ज्या कोडने स्वतःच्या वॉर्निंग्जबद्दल काहीच ठरवलेलं नाही त्या सगळ्या कोडला तो लागू होतो, मग तो कोड स्क्रिप्टमधला असो, आपल्या मॉड्यूलमधला असो की कुठून तरी डाउनलोड केलेल्या लायब्ररीतला. यूज वॉर्निंग्ज पर्ल ५.६ बरोबर आलं, मार्च २००० मधे, आणि त्याचा सगळा मुद्दाच हा की ते लेक्सिकल आहे. जिथे लिहिलं तिथपासून ते ब्लॉक किंवा फाइल संपेपर्यंत, त्याच्या बाहेर नाही. स्क्रिप्टने यूज करून एखादं मॉड्यूल आत घेतलं तरी त्या मॉड्यूलच्या फाइलमधे स्क्रिप्टची सेटिंग उतरत नाही. रिक्वायरने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, आणलं तरी नाही, डू वापरून एखादी कॉन्फिगची फाइल चालवली तरी नाही. स्ट्रिंग इव्हॅल, म्हणजे स्ट्रिंगमधला मजकूर कोड म्हणून चालवणं, मात्र जिथे लिहिलंय तिथली सेटिंग घेतं, कारण ते त्या स्कोपच्या आतच कंपाइल होतं.

आमच्या मॉड्यूलमधे यूज स्ट्रिक्ट (डिक्लेअर न केलेले व्हेरिएबल वापरू न देणारी ओळ) होतं, यूज वॉर्निंग्ज नव्हतं. इतकी वर्षं ते स्क्रिप्टच्या डॅश डब्ल्यूच्या जिवावर बोलत होतं. तो काढला आणि ते मुकं झालं.

हे कळल्यावर मी सगळ्यांसमोर एक छोटा प्रयोग केला, कारण नुसतं सांगून पटत नाही. मॉड्यूलमधे एक फंक्शन, त्यात एकच ओळ, $एकूण += $नग; आणि अगदी तीच ओळ स्क्रिप्टमधेही. दोन्हीकडे १,२५० पाठवला. स्क्रिप्टमधली ओळ लगेच ओरडली. मॉड्यूलमधली नाही. आता मॉड्यूलला हा आकडा स्क्रिप्टनेच दिलाय, फंक्शनही स्क्रिप्टनेच बोलावलंय, तरी नाही. कारण वॉर्निंग द्यायची की नाही हे बेरीज करणारं स्टेटमेंट ज्या फाइलमधे कंपाइल झालं तिथल्या सेटिंगवरून ठरतं. पर्ल कंपाइल करताना स्टेटमेंटगणिक ही सेटिंग सोबत ठेवतं आणि रनटाइमला तीच बघतं, बोलावणारा कोण याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मग उलटा प्रयोग. मॉड्यूलमधलं एक फंक्शन प्रत्येक नोंदीसाठी आपण दिलेला अनामिक सब (नाव नसलेलं फंक्शन) चालवतं. तो सब मी स्क्रिप्टमधे लिहिला आणि त्यात बेरीज केली. बोलावतंय मॉड्यूल, पण वॉर्निंग आली, आणि ती स्क्रिप्टच्या ओळ नंबरवर आली. सब स्क्रिप्टमधे लिहिला होता ना. एवढ्यावर समोरच्या दोघांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि आमच्या लॉगमधे काही वॉर्निंग्ज का येत राहिल्या त्याचंही उत्तर मिळालं.

तपासणीने मात्र सगळं ठीक म्हटलं होतं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं, म्हणून इथे जरा थांबतो.

आमच्याकडे कुठलीही फाइल बदलली की डॅश सी देऊन तपासायची पद्धत आहे, म्हणजे पर्ल फक्त कंपाइल करून बघतं आणि सिंटॅक्स ओके म्हणतं. एक महिन्यापूर्वी, म्हणजे डॅश डब्ल्यू काढल्यानंतर दोनेक आठवड्यांनी, याच मॉड्यूलमधे कुणीतरी एकाच फंक्शनमधे माय $एकूण, म्हणजे त्या व्हेरिएबलचं डिक्लेरेशन, दोनदा लिहिलं होतं. डॅश सीने ते पकडलं, 'माय व्हेरिएबल मास्क्स अर्लियर डिक्लेरेशन इन सेम स्कोप' अशी वॉर्निंग दिली, आम्ही दुरुस्त केलं. म्हणजे आमच्याकडे पुरावा होता की या मॉड्यूलच्या वॉर्निंग्ज चालू आहेत! मी जेव्हा म्हटलं की मॉड्यूल मुकं आहे तेव्हा एकाने हेच पुढे केलं, आणि त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं.

उत्तर मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत होतं. हे मॉड्यूल कधीकाळी मूळ स्क्रिप्टमधून कापून वेगळं काढलेलं, आणि कापताना वरची शिबँगची ओळही आली होती, डॅश डब्ल्यूसकट. मॉड्यूलमधे शिबँग कशाला म्हणून कुणी विचारलं नाही, आणि बघणाऱ्याला वाटायचं की चला, इथेही डॅश डब्ल्यू आहे. पण फाइल यूज किंवा रिक्वायरमधून आत आली की ती ओळ पर्लसाठी निव्वळ कॉमेंट असते. शिबँगमधले स्विच पर्ल फक्त मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमधले वाचतं. आता डॅश सी देऊन मॉड्यूलची फाइल थेट पर्लला दिली की काय होतं? तीच फाइल मुख्य प्रोग्रॅम होते. मग तिची शिबँग वाचली जाते, डॅश डब्ल्यू लागू होतो, आणि वॉर्निंग्ज येतात. रात्री जेव्हा स्क्रिप्ट तीच फाइल आत घेते तेव्हा ती ओळ पुन्हा कॉमेंट.

म्हणजे आम्ही तपासत होतो एक प्रोग्रॅम आणि चालवत होतो दुसरा, फाइल एकच असूनसुद्धा. हे समजल्यावर मी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसलो. शिवाय डॅश सी कंपाइल करून थांबतं, त्यामुळे त्यात कंपाइल टाइमच्या वॉर्निंग्जच येणार. इझंट न्यूमरिक ही रनटाइमची, खरा डेटा समोर आल्याशिवाय ती उठतच नाही. डॅश सीने ती कधीच दिसली नसती, शिबँग असो वा नसो.

मॉड्यूलला मुख्य प्रोग्रॅम म्हणून तपासण्यात अजून एक खोट आहे. आमची दोन मॉड्यूल्स एकमेकांना यूज करतात, चांगली सवय नाही पण आहे. पहिलं डॅश सीने तपासलं की ते मुख्य प्रोग्रॅम म्हणून वाचलं जातं, त्यामुळे ही फाइल लोड झालीय अशी पर्लच्या यादीत तिची नोंद होत नाही. मग दुसरं मॉड्यूल तिला यूज करतं, पर्ल म्हणतं ही तर अजून आलेलीच नाही, आणि तीच फाइल परत कंपाइल होते, आणि मग 'सबरूटीन रिडिफाइन्ड' अशा वॉर्निंग्जची रांग लागते. स्क्रिप्टमधून चालवलं की यातली एकही येत नाही. या रांगेला कंटाळून आमच्यातल्या काहींनी डॅश सीचं आउटपुट वरवर बघायला सुरुवात केली होती, आणि माझ्या मते हे नुकसान जास्त मोठं, कारण खोट्या वॉर्निंग्ज खऱ्यांवरचा विश्वास घालवतात. आता आम्ही मॉड्यूल तपासतो ते डॅश ई देऊन, एका ओळीच्या रिकाम्या प्रोग्रॅममधे त्याला यूज करून. म्हणजे ते मॉड्यूल म्हणूनच आत येतं, जसं खरोखर येतं तसं.

दुरुस्ती करताना

पहिली सूचना सहाजिकच आली की डॅश डब्ल्यू परत लावा आणि मोकळे व्हा. तात्पुरतं आम्ही ते केलंही, पण शिबँगला हात न लावता. पर्लफाइव्हऑप्ट नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असतो, त्यात डॅश डब्ल्यू ठेवला की त्या वातावरणात सुरू होणाऱ्या प्रत्येक पर्लला तो लागतो, स्क्रिप्टने पुढे दुसरं पर्ल सुरू केलं तरी. एक रात्र तसं चालवलं. सकाळी लॉग उघडला तर इझंट न्यूमरिकच्या ओळी होत्याच, हव्या तशा, पण त्या एका जुन्या बाहेरच्या लायब्ररीच्या हजारो अनइनिशियलाइज्ड वॉर्निंग्जखाली गाडल्या गेल्या होत्या. ती लायब्ररी वॉर्निंग्जचा विचार न करता लिहिलेली, चालते व्यवस्थित, पण डॅश डब्ल्यू खाली तिची बडबड थांबत नाही. आधीही ती तशीच असणार असं मला वाटलं होतं, पण जुने लॉग बघितले तर नाही, ती लायब्ररी नव्या सर्व्हरबरोबरच आलेली. डॅश डब्ल्यूची अडचण हीच की तो दुसऱ्याच्या घरातही दिवे लावतो. ज्या लायब्ररीने स्वतः यूज वॉर्निंग्ज किंवा नो वॉर्निंग्ज लिहिलंय तिला तो हात लावत नाही, तिथे लेक्सिकल सेटिंगच चालते, पण जिने काहीच लिहिलेलं नाही ती त्याच्या ताब्यात जाते.

एकाने मधला मार्ग म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला डॉलर कॅरेट डब्ल्यू बरोबर १ असं लिहून बघितलं. रनटाइमच्या वॉर्निंग्ज आल्या. पण मी मुद्दाम मॉड्यूलमधे ते माय $एकूण दोनदा टाकून ठेवलं होतं, ती वॉर्निंग आली नाही. कारण यूज हे कंपाइल होतानाच घडतं आणि ती असाइनमेंट प्रोग्रॅम चालू झाल्यावर, तोपर्यंत मॉड्यूल कंपाइल होऊन गेलेलं. बिगिन ब्लॉकमधे, आणि सगळ्या यूजच्या वर घातलं तर दोन्ही येतात. पण तेही शेवटी ग्लोबलच, लायब्ररीची बडबड तशीच.

तेव्हा खरा उपाय एकच राहिला, आपल्या प्रत्येक फाइलमधे यूज वॉर्निंग्ज. फाइलींमधले शब्द शोधणाऱ्या ग्रेप या कमांडला मोठा एल देऊन ज्या फाइलींमधे ते शब्दच नाहीत त्यांची यादी काढली, सात मॉड्यूल्स निघाली. त्यातल्या दोघांमधे गरजच नव्हती, कारण ती मूस ही ऑब्जेक्ट्स लिहायची लायब्ररी वापरतात आणि मूस स्वतःच्या इंपोर्टमधून बोलावणाऱ्या फाइलमधे स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज चालू करतं. हे जादूसारखं वाटतं पण सरळ आहे, इंपोर्ट चालतं तेव्हा तुमची फाइल कंपाइल होत असते, त्यामुळे वॉर्निंग्जचं इंपोर्ट तिथून बोलावलं की ते तुमच्या फाइलला लागतं. तरी मी त्या दोघांमधेही वेगळी ओळ लिहायला लावली. उद्या कुणी मूस काढलं तर पुन्हा हेच नको.

एक फाइल मात्र ग्रेपलाही चकवून गेली. तिच्यात दोन पॅकेजेस होती, पहिलं महिरपी कंसांच्या ब्लॉकमधे लिहिलेलं आणि यूज वॉर्निंग्ज त्या ब्लॉकच्या आत. ब्लॉक संपला की ते संपलं. खालचं छोटं मदतनीस पॅकेज उघड्यावर. ग्रेपला शब्द सापडले म्हणून यादीत आलं नाही, हाताने वाचताना दिसलं. पॅकेजशी या सेटिंगचा काही संबंध नसतो, ब्लॉक आणि फाइल एवढंच तिला कळतं, म्हणून ओळ फाइलच्या अगदी वर हवी.

सगळीकडे ओळ घातल्यावर नव्या वॉर्निंग्ज आल्याच, चाळीसच्या आसपास. बहुतेक अनडेफच्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अनडेफ येणं रास्त होतं, तिथे डिफाइन्ड-ऑर वापरून ठरावीक व्हॅल्यू दिली. दोन जागी नो वॉर्निंग्ज घातलं, पण फक्त अनइनिशियलाइज्ड या एका कॅटेगरीपुरतं आणि तीन-चार ओळींच्या ब्लॉकमधे. फाइलच्या डोक्यावर सरसकट नो वॉर्निंग्ज लिहिण्याला मी ठाम विरोध केला. त्यापेक्षा ओळ न लिहिलेली बरी, निदान डॅश डब्ल्यूला तरी ती फाइल दिसते. नो वॉर्निंग्ज लिहिलेली फाइल बघायला मग मोठा डब्ल्यू लागतो, तो सगळ्या सेटिंग्ज झुगारून सगळीकडच्या वॉर्निंग्ज चालू करतो. आम्ही एकदा तोही चालवला, कुठे कुठे काय दाबून ठेवलंय ते बघायला. रोजच्या वापराची ती गोष्ट नाही.

'यूज्ड ओन्ली वन्स, पॉसिबल टायपो' या वॉर्निंगनेही थोडा वेळ खाल्ला. स्क्रिप्टमधे मॉड्यूलच्या एका पॅकेज व्हेरिएबलला पूर्ण नावाने एकदाच व्हॅल्यू दिली होती, आणि ते मॉड्यूल गरज पडली तरच रिक्वायरने यायचं. ही तपासणी पर्ल एकदाच करतं, मुख्य प्रोग्रॅम कंपाइल होऊन संपला की. तेव्हा रिक्वायर अजून चाललेलं नसतं, त्यामुळे पर्लला ते नाव जगात एकदाच दिसतं. आणि याच कारणाने रिक्वायरने रनटाइमला आलेल्या मॉड्यूलमधल्या खऱ्या टायपोंना ही वॉर्निंग कधीच लागत नाही, तिथे यूज स्ट्रिक्टच कामाचं. आम्ही रिक्वायरचं यूज केलं आणि मॉड्यूलमधे त्या व्हेरिएबलला अवर लावलं, म्हणजे पॅकेज व्हेरिएबल म्हणून डिक्लेअर केलं, विषय संपला.

फेटलचा मोह झाला होता. यूज वॉर्निंग्जला फेटल ऑल सांगितलं की प्रत्येक वॉर्निंग एरर होते आणि प्रोग्रॅम थांबतो, अकरा रात्री चुकीचे तक्ते जाण्यापेक्षा पहिल्या रात्री बंद पडलेलं काय वाईट, असं सगळ्यांचं म्हणणं. तत्त्व बरोबर आहे पण ऑल नको. पर्लच्या नव्या व्हर्जनमधे नव्या वॉर्निंग्ज येत असतात, आज धडधाकट असलेला कोड नुसत्या अपग्रेडने रात्री दोनला मरेल. म्हणून नग वाचणाऱ्या फंक्शनच्या आत, फक्त न्यूमरिक या कॅटेगरीपुरतं फेटल ठेवलं. आणि त्याच्या आधी स्वल्पविराम काढून उरलेलं निव्वळ अंक आहे का हे रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासतो, नसेल तर डेटा फाइलची ओळ सांगून डाय, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबतो. डेटाची शहानिशा करणं हे आपल्या कोडचं काम, वॉर्निंग त्याच्या मागची दुसरी जाळी.

कोड वाचून त्यातल्या वाईट सवयी दाखवणारं पर्ल क्रिटिक आमच्याकडे आधीपासून चालतं, आणि यूज वॉर्निंग्ज नसेल तर सांगणारी पॉलिसी त्यात आहे. मग तिने का नाही पकडलं? कारण ती गंभीरतेच्या चौथ्या पायरीवर आहे आणि क्रिटिक काही न सांगता चालवलं तर फक्त पाचवी पायरी दाखवतं. यूज स्ट्रिक्टची पॉलिसी पाचवीवर आहे. म्हणूनच आमच्या सगळ्या फाइलींमधे स्ट्रिक्ट होतं आणि सात फाइलींमधे वॉर्निंग्ज नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. आता ती एक पॉलिसी आम्ही सेटिंग्जमधे पाचवर नेऊन ठेवलीय.

नवीन कोडसाठी कुणी म्हणेल की आता यूज व्ही ५.३६ लिहिलं की वॉर्निंग्ज आपोआप चालू होतात, मे २०२२ पासून. होतात, आणि चांगली सोय आहे, पण तीसुद्धा त्याच फाइलपुरती. स्क्रिप्टच्या वर ती ओळ टाकून मॉड्यूल तसंच ठेवलं तर चित्र अगदी आमच्यासारखंच होईल. आमच्या सर्व्हरवरचं पर्ल त्याहून जुनं आहे त्यामुळे तो प्रश्न अजून आला नाही.

स्वतः मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र आम्ही या निमित्ताने सुधारली. ते 'कोड यादीत नाही' वालं वॉर्न आता वॉर्निंग्ज रजिस्टर आणि वॉर्नइफ वापरून लिहिलंय. वॉर्नइफ मॉड्यूलची सेटिंग बघत नाही, ज्याने मॉड्यूलला बोलावलं त्याच्या फाइलमधली बघतं. म्हणजे दुसऱ्या टीमची एक स्क्रिप्ट हेच मॉड्यूल वापरते आणि तिला हा मेसेज नको असतो, ती आपल्या फाइलमधे आमच्या मॉड्यूलच्या नावाची कॅटेगरी बंद करू शकते, आम्हाला काही न विचारता.

अकरा रात्रींच्या फाइली जपून ठेवलेल्या होत्या, त्या सगळ्या परत चालवल्या आणि बेरजा गोदामाच्या आकड्यांशी जुळल्या, एक सोडून. सातव्या रात्रीच्या फाइलवर डाय झालं, ओळ ३१२. उघडून बघितलं तर तिथे नगांच्या जागी आकड्याऐवजी इंग्रजी मोठा ओ होता, शून्याच्या जागी कुणीतरी हाताने टाइप केलेला. जुन्या कोडने तो शून्य म्हणून गुपचूप घेतला असता, आणि यावेळी त्याचा अर्थ शून्यच होता. तरी पाठवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी ती नोंद दुरुस्त करून फाइल परत पाठवली, आणि त्यातून कळलं की मोठ्या आकड्यात स्वल्पविराम घालणारा बदल त्यांच्याकडेही कुणी ठरवून केलेला नव्हता.